वेग किती, जागा किती आणि दुसरी प्रत कुठे?

बारावीचा निकाल लागतो, अभियांत्रिकीचा प्रवेश पक्का होतो आणि घरात लॅपटॉपची चर्चा सुरू होते. मुलगी यवतमाळच्या जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालयात जाणार असो की पुसदच्या बाबासाहेब नाईक महाविद्यालयात, वडील किंमत पाहतात आणि मुलगी प्रोसेसर पाहते. स्टोरेजचा आकडा स्टिकरवर छापलेला असतो, ‘५१२ जीबी एसएसडी’, आणि त्याबद्दल कुणी काही विचारत नाही. खरं तर सगळ्यात जास्त विचार तिथेच व्हायला हवा. प्रोसेसर नंतर बदलता येत नाही, पडदाही सहसा कुणी बदलत नाही. ड्राइव्ह मात्र बहुतेक लॅपटॉपमध्ये बदलता येते, आणि आपलं स्वतःचं असं जे काही त्या यंत्रात असतं ते सगळं तिच्यातच असतं.

आधी त्या आकड्याचा हिशेब करू. ५१२ जीबीचा लॅपटॉप सुरू केला की विंडोज ४७६ जीबी दाखवतं आणि घरात कुरकुर सुरू होते. इथे दुकानदाराने फसवलेलं नसतं. ड्राइव्ह बनवणारे एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज १,०२४ ला तीनदा गुणून येणारा आकडा धरतं, म्हणजे सुमारे १०७ कोटी. त्यामुळे २५६ चे २३८ दिसतात आणि १ टीबीचे ९३१. त्यातून विंडोज, त्याचे अपडेट आणि कंपनीने ठेवलेला रिकव्हरीचा भाग वजा करा. २५६ जीबीच्या लॅपटॉपमध्ये विद्यार्थ्याच्या हातात दीडशेच्या आसपास उरतात. अँड्रॉइड स्टुडिओ, मॅटलॅब आणि ऑटोकॅड टाकले, मोबाइलमधले फोटो उतरवले, की दुसऱ्या सेमिस्टरला लाल पट्टी दिसू लागते. म्हणून २५६ चा लॅपटॉप केवळ स्वस्त आहे म्हणून घ्यायचा असेल, तर वर्षभरात ड्राइव्ह बदलावी लागेल हे धरूनच घ्यावा.

पण जागेचा प्रश्न प्रत्येकाला सारखा नसतो. आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्याकडे दिवसभरात सातबारा, उत्पन्नाचे दाखले, आधारच्या प्रती यांचा ढीग जमतो. तरी ती सगळी काही किलोबाइटची प्रकरणं. त्याला ५१२ जीबी कितीतरी वर्षं पुरेल. शिक्षकाचंही तसंच. खरा भुकेला माणूस आहे तो लग्नाचं शूटिंग करणारा.

त्याचा हिशेब मांडून पाहू. आजच्या अनेक कॅमेऱ्यांत फोर-के चित्रण सेकंदाला १०० मेगाबिट दराने होतं. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट आणि तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे, प्रत्येकी सहा तास. हळद, वरात, मंगलाष्टकं, पंगत, पाठवणी मिळून एका लग्नाचे ५४० जीबी झाले. ५१२ चा नवाकोरा लॅपटॉप एका लग्नालाही पुरत नाही. दारव्हा, दिग्रस, आर्णी अशा गावांत हा व्यवसाय करणाऱ्याला ड्राइव्हची निवड करताना जे प्रश्न पडतात, त्यांत बाकी सगळ्यांचे प्रश्न येतात. म्हणून पुढे त्याचंच उदाहरण धरून चालू.

पहिला प्रश्न वेगाचा, कारण जाहिरातीत तोच सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो. तो समजून घ्यायला आधी जुनी हार्ड डिस्क कशी चालते ते पाहू.

१९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, वजन टनाच्या घरात आणि जागा पन्नास लाख अक्षरांची. आज मोबाइलने काढलेला एखादा फोटोही तिच्यात मावला नसता. तबकड्या पुढे लहान झाल्या, पण काम करण्याची रीत तीच राहिली: तबकडी फिरते आणि वाचणारं टोक तिच्यावरून मागेपुढे सरकतं. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवा तो भाग टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, त्यात टोक सरकण्याचा वेळ. ठिकठिकाणी विखुरलेल्या बारीक फाइली वाचायच्या असतील तर अशी डिस्क सेकंदाला शंभराच्या आतच गोष्टी शोधू शकते. विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीक फाइली लागतात. जुना लॅपटॉप बटण दाबल्यावर मिनिटन्‌मिनिटं फिरत बसतो तो यामुळे.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. तिच्या पोटातली फ्लॅश स्मृती तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधली. आज सगळीकडे वापरला जाणारा तिचा नँड प्रकार १९८७ साली जगासमोर आला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत सनडिस्क नावाची कंपनी निघाली, जिला आपण आज सॅनडिस्क म्हणून ओळखतो. तिच्या तीन संस्थापकांपैकी एक कानपूरला जन्मलेले संजय मेहरोत्रा. या कंपनीने १९९१ साली आयबीएमला २० मेगाबाइटची एसएसडी विकली, किंमत सुमारे हजार डॉलर. आज तीच जात सेकंदाला हजारो विखुरलेल्या फाइली वाचते. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आलेल्या माणसाला यंत्र नवीन झाल्यासारखं वाटतं, ते याच फरकामुळे.

पुढच्या पायऱ्यांवर मात्र हा फरक झपाट्याने विरतो. जुन्या सॅटा जोडणीची एसएसडी सेकंदाला साडेपाचशे मेगाबाइट देते. २०११ पासून एनव्हीएमई नावाची नवी पद्धत आली. तिची तिसऱ्या पिढीची ड्राइव्ह साडेतीन हजार, चौथ्या पिढीची सात हजार आणि पाचव्या पिढीची चौदा हजारांपर्यंत जाते. कागदावर प्रत्येक वेळी दुप्पट. पण वर्ड उघडणं, ब्राउझर चालू करणं, असाइनमेंट सेव्ह करणं या कामांत तिसऱ्या आणि पाचव्या पिढीतला फरक माणसाला जाणवत नाही, कारण तिथे अडकलेलं असतं ते प्रोसेसरचं काम.

आणि आपल्या शूटिंगवाल्याचं काय? त्याचे ५४० जीबी कॅमेऱ्याच्या कार्डातून लॅपटॉपमध्ये यायचे आहेत. साध्या एसडी कार्डाची वरची मर्यादा सेकंदाला १०४ मेगाबाइट; प्रत्यक्षात नव्वद मिळाले तरी चांगलं. म्हणजे कार्डं रिकामी करायला शंभर मिनिटं लागणारच, मग ड्राइव्ह साडेतीन हजारांची असो की चौदा हजारांची. पाचव्या पिढीसाठी दिलेले जास्तीचे पैसे या रांगेत काही कामाला येत नाहीत. माझं स्पष्ट मत असं, की यवतमाळ जिल्ह्यातल्या बहुतेक गिऱ्हाइकांनी तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीची ड्राइव्ह घ्यावी आणि वाचलेल्या पैशांत जागा वाढवावी, किंवा त्याहून चांगलं म्हणजे दुसरी प्रत ठेवण्याची सोय करावी. दुसऱ्या प्रतीकडे शेवटी येतो.

त्याआधी लॅपटॉपच्या पोटात काय बसतं ते पाहावं लागतं. दुकानात पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. ड्राइव्ह मदरबोर्डवर झाळलेली आहे की सुटी? स्वस्त लॅपटॉपमधली ईएमएमसी स्मृती आणि अलीकडच्या मॅकबुकमधलं स्टोरेज झाळलेलं असतं. तिथे जे घेतलं तेच कायमचं. सुटी असेल तर पट्टीसारखी ड्राइव्ह बसवायचे एम.२ खाचे किती? दोन असतील तर जुनी ड्राइव्ह न काढता नवी शेजारी बसवता येते, आणि निम्मी कटकट तिथेच संपते. तिसरी गोष्ट लांबी. एम.२ पट्टीवर २२८० लिहिलेलं असेल तर रुंदी २२ मिलिमीटर, लांबी ८०. पण बऱ्याच सडपातळ लॅपटॉपमध्ये २२४२ किंवा २२३० एवढीच जागा असते. ८० मिलिमीटरची पट्टी कुरिअरने मागवली आणि खाचा ४२ चा निघाला, तर परतीच्या खटाटोपात आठवडा जातो.

ही माहिती विक्रेत्याला ठाऊक असेलच असं नाही, पण ती मिळवणं अवघड नाही. एचपी, डेल, लेनोवो या कंपन्या प्रत्येक मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका आपल्या संकेतस्थळावर फुकट देतात. त्यात मागचं झाकण कसं उघडायचं, कोणता स्क्रू कुठे आहे, खाचा कोणत्या लांबीचा, सगळं चित्रांसह असतं. लॅपटॉपच्या तळाशी छापलेला मॉडेल क्रमांक टाकून ती पुस्तिका उतरवून घ्या; दोन हजारांची असो की दहा हजारांची, कोणतीही ड्राइव्ह मागवण्याआधी तेवढी पानं वाचा. खाचा कोणत्या पिढीचा आहे तेही त्यात कळतं. चौथ्या पिढीची पट्टी तिसऱ्या पिढीच्या खाच्यात बिनतक्रार चालते, फक्त तिसऱ्याच्या वेगाने. उलट, खाचा फक्त सॅटाचा असेल तर एनव्हीएमई पट्टी ओळखलीच जात नाही. सॅटाची आणि एनव्हीएमईची पट्टी दिसायला बहिणी असल्या तरी.

आता ड्राइव्हच्या आतल्या मालाकडे. फ्लॅशच्या एका कप्प्यात विजेचा भार साठवतात आणि तो किती आहे त्यावरून आकडा वाचतात. एका कप्प्यात एकच बिट ठेवायचा तर भार आहे की नाही एवढंच पाहावं लागतं. तीन बिट ठेवायचे तर भाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात, चार बिट ठेवायचे तर सोळा. गुंड भरलेला आहे की रिकामा हे दारातूनही कळतं. पाणी सोळापैकी कितव्या रेघेला आहे हे सांगायचं तर वाकून नीट पाहावं लागतं आणि थोडं झिरपलं तरी उत्तर चुकतं. तीन बिटांच्या मालाला टीएलसी म्हणतात, चार बिटांच्या मालाला क्यूएलसी. क्यूएलसी स्वस्त पडतो, पण लिहायला हळू आणि झिजायला लवकर.

झीज किती, हे कंपनी टीबीडब्ल्यू या आकड्याने सांगते: वॉरंटीच्या काळात एकूण किती टेराबाइट लिहिता येतील. १ टीबीच्या चांगल्या टीएलसी ड्राइव्हला हा आकडा बहुधा ६०० असतो. क्यूएलसीच्या एका गाजलेल्या मॉडेलला, क्रुशियल पी३ ला, २२० होता. विद्यार्थी दिवसाला ५० जीबी लिहितो असं सढळ हाताने धरलं तरी ६०० टेराबाइट संपायला बत्तीस वर्षं लागतील आणि २२० संपायला बारा. त्याच्यासाठी ही काळजी करण्याजोगी गोष्ट नाही. शूटिंगवाल्याचं गणित निराळं. सीझनमध्ये साठ लग्नं, प्रत्येकी अर्धा टेराबाइट, शिवाय एडिटिंगच्या वेळी पुन्हा तेवढंच लेखन. वर्षाला साठ टेराबाइट झाले. २२० ची ड्राइव्ह चार वर्षांच्या आत आपला आकडा ओलांडेल; ६०० ची दहा वर्षं टिकेल. शिवाय क्यूएलसीत सुरुवातीचा काही भाग वेगाने लिहून घेण्याची तात्पुरती जागा असते, ती भरली की वेग कोसळतो आणि कधी कधी हार्ड डिस्कच्या पातळीवर येतो. सलग पाचशे जीबी उतरवणाऱ्यालाच तो फटका बसतो. म्हणून व्हिडिओचं काम असेल तर टीएलसीच घ्या. घरगुती आणि शिक्षणाच्या वापराला क्यूएलसी चालेल, मात्र किंमत खरोखर कमी असेल तरच.

यवतमाळला एका गोष्टीचा विचार पुण्या-मुंबईपेक्षा जास्त करावा लागतो, तो म्हणजे उन्हाळा. मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो आणि टिनाच्या खोलीत त्याहून वर. बाजारातल्या बहुतेक एसएसडी ७० अंशांपर्यंत चालण्यासाठी बनवलेल्या असतात. २५ अंशांच्या एसी खोलीत जी ड्राइव्ह ४० वर असते, तीच ४४ अंशांच्या खोलीत त्याच कामाला साठीच्या जवळ जाते. त्यावर एडिटिंगचा भार आला की ती स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. पाचव्या पिढीच्या ड्राइव्ह सगळ्यांत जास्त तापतात, आणि त्यांच्यावरच्या जाड धातूच्या पट्ट्या लॅपटॉपच्या झाकणाखाली मावत नाहीत. वेगासाठी मोजलेले पैसे एप्रिल-मेमध्ये ड्राइव्ह स्वतःच वाया घालवते. आपल्याकडे कमी तापणारी, मध्यम पिढीची ड्राइव्ह घेणं हे काटकसर म्हणून नाही, हवामानामुळेच योग्य आहे. लॅपटॉप गादीवर ठेवून काम करण्याची सवय असेल तर तीही सोडावी. खालची जाळी बंद झाली की आतला पंखा काय करणार?

लोडशेडिंगच्या बाबतीत लॅपटॉपवाले सुदैवी. वीज गेली तरी बॅटरी असते, लिहिता लिहिता ड्राइव्हचा श्वास अडकत नाही. पण बॅटरी मेलेला जुना लॅपटॉप थेट प्लगवर चालवणारे पुष्कळ आहेत, त्यांना हे संरक्षण नाही. अशा लॅपटॉपमध्ये नवी ड्राइव्ह टाकण्याआधी बॅटरी बदला.

खरेदीची वेळ सध्या कठीण आहे. २०२५ च्या उत्तरार्धापासून एआयसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांनी स्मृतीच्या चिपा उचलायला सुरुवात केली आणि एसएसडीचे भाव चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने आपला क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. मायक्रॉनचे प्रमुख तेच संजय मेहरोत्रा, ज्यांच्या पहिल्या कंपनीने १९९१ ची ती २० मेगाबाइटची ड्राइव्ह विकली होती. आधी विकलेल्या क्रुशियल मालाची वॉरंटी कंपनी पाळणार आहे, त्यामुळे घरात ती ड्राइव्ह असेल तर घाबरण्याचं कारण नाही, फक्त बिल जपून ठेवा.

भाव चढले की खोट्या मालाला ऊत येतो. काही शे रुपयांत २ टीबीची ‘पोर्टेबल एसएसडी’ दिसली तर ती घेऊ नये. अशा डबीत बहुधा लहानसं मेमरी कार्ड असतं आणि त्याचं नियंत्रक सॉफ्टवेअर संगणकाला खोटा आकडा सांगतं. फाइली जाताना दिसतात, नावंही दिसतात. आतली खरी जागा संपली की नवं लिहिलेलं जुन्यावर चढतं आणि उघडायला गेलं तर काहीच नसतं. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून पाहतं, त्यात हे खोटं उघडं पडतं. आतल्या ड्राइव्हसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो आहे: नवी म्हणून घेतलेली ड्राइव्ह आधी किती तास चालली, किती टेराबाइट लिहिले गेले, हे ते सांगतं. परतीची मुदत संपायच्या आत या दोन्ही चाचण्या कराव्यात.

ऑनलाइन दोनशे-तीनशे रुपये स्वस्त मिळतं हे खरं. तरी गावातल्या दुकानातून जीएसटीच्या बिलासह घेण्याला माझा कौल आहे. वॉरंटी तीन किंवा पाच वर्षांची असते. तेवढ्या काळात एकदा जरी ड्राइव्ह बदलून घ्यायची वेळ आली तरी यवतमाळकराला नागपूर दीडशे किलोमीटर पडतं. वणीकर चंद्रपूरला जाईल, उमरखेडचा माणूस नांदेडला. दुकानदाराने ती धावपळ आपल्या अंगावर घेतली तर ते दोनशे रुपये वसूल झाले.

बसवण्याचं काम स्वतः करता येतं, पण त्याआधीच्या तयारीतच लोक फसतात. नव्या विंडोज ११ च्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह पुष्कळदा आपोआप कूटबद्ध झालेली असते. तिची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती आधी वहीत उतरवून घ्या. विंडोजचा परवाना पुन्हा विकत घ्यावा लागत नाही, तो मदरबोर्डशी बांधलेला असतो. लॅपटॉपबरोबर मिळालेलं ऑफिस खात्याशी बांधलेलं असतं, म्हणून ते कोणत्या ईमेलवर सुरू केलं हे आठवत असलं पाहिजे. अनेक घरांत ते दुकानातल्या मुलाने आपल्याच एखाद्या ईमेलवर सुरू केलेलं निघतं. नवं विंडोज टाकायला ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या काही लॅपटॉपमध्ये इन्स्टॉल करताना ‘ड्राइव्ह सापडत नाही’ असा संदेश येतो आणि नवी पट्टी खराब आहे असं वाटतं. पट्टी चांगली असते. इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर उतरवून त्याच पेन ड्राइव्हवर ठेवायचा आणि तिथे दाखवायचा, की ड्राइव्ह दिसू लागते.

प्रत्यक्ष उघडताना चार्जर काढा, लॅपटॉप पूर्ण बंद करा, झाकण निघाल्यावर बॅटरीचा जोड सोडवा. हात एखाद्या धातूला लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. पट्टी तिरकी धरून खाच्यात सरकवायची, मग खाली दाबून एकच बारीक स्क्रू लावायचा. तो स्क्रू हरवला तर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळतो, आणि हात थरथरत असतील तर तोच दुकानदार हे कामही दहा मिनिटांत करून देईल. मात्र आपल्या समोर बसून करून घ्यावं.

राहिली जुनी ड्राइव्ह. ती विकू नका, दुसऱ्याला देऊही नका. यूएसबीच्या डबीत, जिला बाजारात एन्क्लोजर म्हणतात, बसवा. दुसरी प्रत म्हणतात ती हीच. क्लाउडवर ठेवू, असं शहरातला माणूस म्हणेल. आपल्या ५४० जीबीचं पाहा: सेकंदाला १० मेगाबिटच्या अपलोडने ते चढवायला अखंड पाच दिवस लागतात, तेही नेट एकदाही तुटलं नाही तर. म्हणून क्लाउडवर निवडक गोष्टी ठेवाव्यात: शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रं, जमिनीचे कागद, प्रोजेक्टचा कोड. बाकीचं डबीत. लग्नवाल्याने तर गिऱ्हाइकाला अल्बम आणि व्हिडिओ पोचून त्याचा होकार येईपर्यंत मूळ चित्रण दोन ठिकाणी ठेवावं, आणि ती दोन ठिकाणं एकाच बॅगेत नसावीत. दुचाकीच्या डिक्कीतून नेण्यासाठी फिरत्या तबकडीची डिस्क घेऊ नये, आपल्या रस्त्यांवरचे धक्के तिला मानवत नाहीत. घरात एका जागी ठेवायला मात्र ती आजही स्वस्त आणि चांगली.

एसएसडी कपाटात ठेवून विसरता येत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. कप्प्यांतला भार हळूहळू झिरपतो, आणि उष्णतेत जास्त वेगाने. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार, आपला टीबीडब्ल्यू पूर्ण संपवलेल्या घरगुती ड्राइव्हने वीज न देता ३० अंशांत एक वर्ष माहिती टिकवायला हवी. नवी ड्राइव्ह कितीतरी जास्त टिकते. पण जुनी, झिजलेली, मे महिन्यातल्या तापलेल्या लोखंडी कपाटात ठेवलेली ड्राइव्ह त्या ३० अंशांच्या बाहेर असते. तेव्हा प्रतीची डबी घरातल्या थंड खोलीत ठेवा, दर दोन-तीन महिन्यांनी लॅपटॉपला जोडा, तासभर जोडलेली राहू द्या आणि चार-दोन फाइली उघडून पाहा.